पाकोळ्यांचा लोंढा

पाकोळ्या मोजायला नणंद दरवर्षी यायची. या वेळी तिने वहिनीलाही हट्टाने ओढून आणलं होतं. चुनखडीच्या डोंगरातल्या खोल विवराच्या काठावर दोघी उभ्या होत्या. ऊन कलताच हजारो पाकोळ्या आभाळातून सूं सूं करत आत शिरू लागल्या.

"वहिनी, हलू नकोस. बघ, कशा आपल्याला वळसा घालून जातायत."

खरंच, लोंढा वहिनीपाशी दुभंगत होता आणि तिच्या पाठीमागे पुन्हा जुळत होता. तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण घरात काय करत बसलो होतो, असं तिला वाटलं.

मग तिला दिसलं, की डावीकडे दहा पावलांवरही लोंढा तसाच दुभंगतोय. तिथे कुणीच नव्हतं. पाखरांमध्ये माणसाएवढी पोकळी तेवढी होती.

"ताई, तिकडे काय आहे?"

"थांब गं, मोजणी चुकेल."

पोकळी पाच पावलांवर आली. पाखरं विरळ होत चालली होती. ती संपू नयेत, म्हणून वहिनी मनातल्या मनात विनवू लागली.

"संपल्या बाई," नणंद हरखून म्हणाली. "एवढ्या कधीच आल्या नव्हत्या."

शेवटची पाकोळी विवरात उतरली. आता ती पोकळी कुठवर आली आहे, हे कळायला काहीच उरलं नव्हतं.