शाईची पारख

पाण्यात बुडवलेल्या टिपकागदाच्या दोन्ही पट्ट्यांवर शाई सारखीच निळी चढली, तशी बंडूजीच्या अंगाची लाही लाही झाली. एका पट्टीवर गोपिकेच्या पेटीत सापडलेल्या चिठ्ठीची शाई होती, दुसरीवर प्रेमदासच्या दौतीतली.

‘तुमच्याबिगर करमत नाई. नाव लिहत नाई, समजून घ्या.’ एवढीच चिठ्ठी. ओळखू येऊ नये म्हणून मेल्यानं डाव्या हातानं खरडल्यासारखं वाकडंतिकडं अक्षर. आणि बंडूजीची बायको गोपिका तर अंगठाबहाद्दर! म्हणजे वाचून दाखवायलाही तोच घरी येत असणार.

बंडूजी आणि प्रेमदास वर्ध्याच्या कॉलेजात एकाच प्रयोगशाळेत कामाला. प्रेमदासची बहीण पंचफुला हिच्याकडे गोपिका तीन महिने रोज दुपारी शिवण शिकायला जात होती, आणि अजून एक पोलकं शिवून झालं नव्हतं. संशयाला आणखी काय लागतं? सकाळीच त्यानं तिला बजावलं होतं, “बोचकं बांध. आज तुले गिरडले सोडतो, मायबापाकडे. वापस येऊ नको.” काऊन सोडतो, ते सांगितलं नव्हतं. पुरावा तोंडावर फेकायचा होता ना!

पट्ट्या घेऊन तो रसायन शिकवणाऱ्या अण्णाजी सरांकडे गेला. “सर, शाई एकच हाये ना?”

सर हसले. “बंडूजी, पाण्यात सगळ्याच शाया एकत्र पळतात. द्रावक बदला. स्पिरिट घ्या, त्यात थोडं पाणी. मग कोणात काय मिसळलंय ते सुटं होईल. आणि शेजारी एक ओळखीची शाई ठेवा.”

ओळखीची म्हणून त्यानं आपल्याच पेनातली टेकवली. घरच्या दौतीतली. कॉलेजातल्या उरल्यासुरल्या शाया ओतून त्यानंच ती बनवली होती.

तासाभरानं पाहिलं, तर प्रेमदासची शाई निळीच्या निळीच. चिठ्ठीच्या शाईतून मात्र निळा, जांभळा, पिवळा असे तीन रंग सुटले होते. तिसऱ्या पट्टीवरही तेच तीन, त्याच उंचीवर.

त्यानं तिन्ही पट्ट्या पुन्हा शेजारी धरून पाहिल्या. अशी शाई साऱ्या वर्ध्यात एकाच दौतीत होती. म्हणजे तो जो कोणी होता, तो याच्याच घरात, याच्याच टेबलाशी बसून लिहून गेला!

तो तडक नालवाडीला घरी आला. गोपिका रडून सुजलेल्या डोळ्यांनी बोचक्यापाशी बसली होती. त्यानं दौत, टाक आणि चिठ्ठी तिच्यापुढे आपटली. चिठ्ठी पाहताच ती लाजेनं लाल झाली. ते पाहून त्याचं पित्त आणखीच खवळलं.

“कोण लिहून गेलं हे? बोल!”

टाक दौतीत बुडवून, ओठ दाताखाली धरून, चिठ्ठीच्या कोऱ्या जागेवर तिनं सावकाश लिहिलं, ‘मी’.