शनिवारचा आवाज

अमृतनं आपल्या टर्बो गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, बाळासोंनी, महिनाभर अबोला धरला होता. दर शनिवारी तो शिरवळहून घरी यायचा. गाडी ओढ्यापलीकडं असतानाच अख्ख्या गावाला कळायचं.

दोन वर्षांपूर्वी तो कॅनडाला गेला. गाडी शेडमध्येच राहिली.

आज मिरजेचा मेकॅनिक ती बघायला आला. म्हणाला, "काका, कंपनीचा जुना सायलेन्सर हितंच पडलाय. बसवू का? तुमचा तरास तरी वाचंल."

"नगं रं," बाळासो म्हणाले. "दर शनिवारी सांजचं मीच ही चालू करतो. हिचा आवाज कानावर पडल्याबिगर तुजी काकी चुलीवर तवाच ठेवत न्हाई."