कुणीच न घेतलेलं वादळ

नारळी पुनव उलटून गेली, तरी हिराजी तांडेलांच्या देव्हाऱ्यात सोनेरी कागदातला नारळ तसाच होता. एकोणचाळीस दिवस समुद्राने कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

त्यांची मुलगी सुलभा वादळ-केंद्रातून घरी आली. "बाबा, वादळ परत पश्चिमेला वळलं."

"तिकडचे गुरुवारी इकडे पाठवतील," ते म्हणाले.

पूर्वी वादळ वळवायचं यंत्र फक्त एका महासत्तेकडे होतं, तेव्हा वादळ कुठे उतरवायचं हे तीच ठरवी. ती खचली आणि प्रत्येक देशाने आपल्या किनाऱ्यावर यंत्र उभारलं. आता वादळाला कुणीच उतरू देईना, आणि तापल्या समुद्रावर येरझाऱ्या घालत ते पोसत होतं.

"पहिल्या दिवशी केवढं होतं गं?"

"छोटंच. चार कौलं उडाली असती."

"तेव्हाच घ्यायचं होतं अंगावर. बरं, आज वळवलंत ना?"

सुलभा खाली बसली.

"आम्ही नाही वळवलं, बाबा. कुणाचंच यंत्र आता चालत नाही त्याच्यावर. आज ते आपलं आपणच वळलं."

हिराजींनी उठून देव्हाऱ्यातला नारळ हातात घेतला.

"म्हणजे आता विनवायचं, ते त्यालाच."