चढावरची शीळ

फ्रान्सहून दोन दिवस नीट पळत पोर्तुगालपर्यंत आलेली आदेरितूची जुनी टर्बो गाडी नेमकी गावाच्या चढाखाली बंद पडली. आता बोला. घर डोक्यावर दिसतंय आणि गाडी काळा धूर सोडून गप्प. ऑगस्टची दुपार होती, निलगिरीचा वास हवेत नुसता तरंगत होता. वर सज्ज्यात बसलेली म्हातारी ठिपक्याएवढी दिसत होती.

ती त्याची आई, फेलिझमीना. गेल्या आठवड्यात फोनवर तिने त्याला दोनदा विचारलं होतं, कोण बोलतंय म्हणून. माणसं विसरत चालली होती बाई. पण चढताना या गाडीतून निघणारी शीळ ओळखायला एवढी वर्षं ती कधी चुकली नव्हती. खालच्या वळणावर शीळ वाजली, की मुलगा आला म्हणून सूप चुलीवर ठेवायची. आदेरितूचा सगळा जीव त्या शिळेत अडकला होता.

चढाखालचं गॅरेज ग्रासिंदाचं. शाळेत दोघं एका बाकावर बसायची. त्याने तिकडे फ्रान्समध्ये इंजेक्टर बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, हे ऐकून ती हसली; पैसेवाली माणसं तुम्ही, म्हणाली, अख्खी गाडीच बदलायचीस. मग तिने इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोपुढच्या रबरी नळीत हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी फासलं. नळीच्या पोटाखालून बुडबुडे निघाले, एकेक करून उन्हात वर गेले. दोघं कितीतरी वेळ बघत राहिली.

"इथे चीर गेलीय, जुनीच, आता फाकलीय," ग्रासिंदा म्हणाली. "हवा आत घेताना मोजली जाते, तेवढं पेट्रोल सुटतं. पण हवा पोचतच नाही रे, वाटेतच निसटते. मग गाडी गुदमरते बिचारी."

तिने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून नळीवर गच्च आवळली.

गाडी इतकी अलगद चढली, की आदेरितूला आपण झोपेत चालवतोय असं वाटलं. खालचं वळण गेलं, वरचं आलं. सज्ज्यातून आईने गाडीकडे पाहिलं, परक्या गाडीकडे पाहावं तसं, आणि मान फिरवली.

त्याने करकचून ब्रेक दाबला. शीळ नव्हती. इतकी वर्षं ती त्या चिरेतूनच येत होती.

तो गाडी मागे मागे घेत खालच्या वळणावर गेला. बॉनेट उघडलं, बोटं भाजली, तरी पट्टी अर्धी सोडवलीच. मग पहिला गिअर टाकून पाय दाबला. गाडी खोकली, धूर ओकत, उड्या मारत निघाली, आणि शीळ वाजली. खाली ग्रासिंदाने कपाळावर हात मारून घेतला.

तो अंगणात पोचला तेव्हा आई दारात उभी होती. हातात सुपाची पळी.

"आदेरितू," ती म्हणाली, "किती वर्षं सांगतेय तुला, ती गाडी एकदा दुरुस्त करून घे."