नवा प्रोसेसर येईपर्यंत

"आला बघा ताई, कॉम्प्युटरवाला," ऑफिसातली मालनबाई म्हणाली.

हायवेवर कांद्याच्या टेम्पोंचा एवढा गोंगाट, पण ती मोटारसायकल तिला बरोबर ओळखू यायची. तिनं पदराला हात पुसले, कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरचं बटण दाबलं आणि चहा ठेवायला गेली. सर्व्हर दमेकऱ्यासारखा घरघरायला लागला.

राखी गांगुर्डे त्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधलं कॉम्प्युटरचं सगळं काम बघायची. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. नाशिकच्या एका कंपनीतर्फे सर्व्हर विकायला पिंपळगावपर्यंत येणारा बुद्धभूषण निकाळे हेल्मेट काढून केसांवरून हात फिरवत होता. दोन हजार सहाचा दसरा नुकताच झाला होता. सणासुदीला लोक काहीबाही विकून मोकळे होतात, पण हा आजही काही विकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बसा," ती म्हणाली. "काय म्हणतोय तुमचा प्रोसेसर?"

"आत्ता घेऊ नका, मॅडम. महिनाभरात चार कोअरचा येतोय. आज घेतलेलं मशीन महिन्यात जुनं होईल."

राखीनं कपाळावर हात मारून घेतला.

दोन वर्षं हेच चाललं होतं. एरवी विकायला आलेला माणूस गळ्यात पडतो, या पठ्ठ्याची तऱ्हाच उलटी. पहिल्यांदा तिनंच त्याला कोटेशनसाठी बोलावलं, तर म्हणाला थांबा, चौसष्ट बिटचा येतोय. तो आला, तर म्हणाला घाई कशाला, आता दोन कोअरचा येईल. दोन कोअरचा आला, तर म्हणे ही नुसती जोडाजोडी आहे, खरी नवी बनावट उन्हाळ्यानंतर. थांबा ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. स्वतःच्या कंपनीला बुडवून गिऱ्हाइकाला शहाणं करणारा असा विक्रेता तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याच्या या प्रामाणिकपणाची तिला भयंकर चीड यायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मालक कोंडाजीभाऊंचा पारा चढला होता. "त्याच्या प्रोसेसरसाठी द्राक्षं थांबणार हायेत का, पोरी? माल युरोपात धाडायचा, पेटीपेटीची नोंद लागती. सीझनच्या आत मशीन पायजे म्हणजे पायजे!" त्यानंतर भाऊंनी तो विषय पुन्हा काढला नाही. निकाळे मात्र दर महिन्याला येतच राहिला.

आताही तो खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून जुन्या सर्व्हरपुढे मांडी घालून बसला. झाकण उघडलं, धूळ फुंकली, रुमालानं आतले कोपरे पुसले.

"सकाळपासून तीनदा बंद पडलाय हा," राखी म्हणाली. "मालनबाईंना विचारा."

"लय तरास देतो," मालनबाईनं चहा ठेवता ठेवता साक्ष दिली आणि लगबगीनं बाहेर निघून गेली.

"सीझन काढेल," निकाळे म्हणाला. "मी येऊन बघत जाईन."

"तुमचे साहेब ओरडत नाहीत? दोन वर्षांत इथं एक माऊससुद्धा विकला नाहीत तुम्ही."

"ओरडतात ना. पण चुकीच्या वेळी घेतलेली वस्तू आयुष्यभर सलते, मॅडम."

आयुष्यभर! सर्व्हर टिकतो जेमतेम पाच वर्षं आणि हा आयुष्याच्या गोष्टी करतो. राखी मनातल्या मनात चडफडली. कामात एवढं डोकं चालणारा माणूस बाकी बाबतीत इतका मठ्ठ कसा असू शकतो, हे तिला खरंच कळत नव्हतं.

पण आज ती त्याला तसाच सोडणार नव्हती.

"निकाळे, नीट ऐका. रविवारी मला बघायला जळगावचे पाहुणे येताहेत. मुलगा सरकारी नोकरीत आहे, आईला पसंत आहे. जमलं तर सीझनला मी इथं नसेन, आणि माझ्या जागी जो येईल तो तुमचं ऐकून थांबणार नाही." तिचा आवाज कापला आणि त्याचाही तिला राग आला. "तेव्हा काय ते आज एकदाच सांगा. माणसानं थांबायचं तरी किती?"

निकाळेनं मान खाली घातली. तो झाकण बसवायला लागला. एकच स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला. चहावर साय धरली तरी त्यानं कपाला हात लावला नव्हता.

"थांबा," तो म्हणाला.

संतापानं राखीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कशासाठी? आठ कोअरचा येतोय?"

"नाही. रविवारी मी आईला घेऊन तुमच्या घरी येतो. जळगावकरांना नका येऊ म्हणून कळवा."

राखीनं डोळे पुसले. तेवढ्यात त्यानं हात पुढे करून जुन्या सर्व्हरचं बटण दाबलं. घरघर थांबली. आतल्या खोलीत लेबलं छापणाऱ्या प्रिंटरची खडखड तेवढी ऐकू येत राहिली.

"अहो, बंद काय करताय?" ती सवयीनं ओरडली. "सगळं काम अडेल ना!"

"काही अडत नाही," निकाळे पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसला. "गेल्या वर्षीच्या दिवाळीला आतल्या खोलीत नवा सर्व्हर आला, तेव्हापासून याला एकही कॉम्प्युटर जोडलेला नाही, राखी."