आधी साखर

घरात साखर नव्हती, म्हणून कॉफीच्या दुकानातून पर्समध्ये आलेली पुडी फोडून मी वाटीत ओतली.

कुठलीही चांगली बातमी सांगायला फोन केला की आई म्हणायची, "आधी देवापुढे साखर ठेव, मग बोल." पहिली नोकरी लागली तेव्हा मी चिडले होते. "आई, माझ्या मेहनतीने मिळालीय."

"हो ना. आणि मुलाखतीला जाताना बस वेळेवर कुणी आणली?"

साखर ठेवून होईपर्यंत ती फोन धरून थांबायची.

आज मी अख्ख्या दक्षिण विभागाची प्रमुख झाले. बंगळुरूच्या माझ्या फ्लॅटमध्ये देव एकच, आईचा बाळकृष्ण. गेल्या वर्षी ती गेल्यावर मी आणलेला. त्याच्यापुढे वाटी ठेवली, हात जोडले आणि सवयीने फोन उचलला. मग पालथा घालून ठेवला.

प्रसाद एकटीने खायचा नसतो, हेही तिचंच. शेजारी कुलूप होतं. समोरच्या बाईंनी दार किलकिलं करून वाटी बघितली, "डायबिटीस" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. रागावणार तरी कशी?

वाटी तिथेच राहिली. सकाळी बघते तर खिडकीपासून वाटीपर्यंत मुंग्यांची रांग. चौदाव्या मजल्यावर! पुसायला फडकं आणलं, पण हात पुढे होईना.

"घ्या," मी म्हटलं, "मला बढती मिळाली."