रजा नामंजूर

स्टेटसला फोटो टाकण्याआधी सुहासिनीने सासरची नावं एकेक करून वगळली. सासू, दीर, जाऊ, कराडच्या दोन्ही आत्या. माहेरच्यांना मात्र सगळं दिसणार होतं. त्यांच्यापासून काय लपवायचं!

"अण्णांचा नंबर काढलास ना?" शैलेंद्रने सोफ्यावरून विचारलं.

"सगळ्यात आधी."

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरून ते आदल्याच दिवशी शारजाला, अल मजाजच्या फ्लॅटवर परतले होते. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्या होत्या. फोटो भरपूर होते. कड्यावरून कोसळणारे धबधबे, वाफाळती सूप करी, लोणी चोपडलेलं कणीस, आणि ताटाबाहेर पाय पसरलेला लालभडक खेकडा.

"डॅड, द क्रॅब वन इज द बेस्ट!" मुलगा रेयांश म्हणाला.

दर उन्हाळ्यात ते कराडला जात. यंदा शैलेंद्रच्या वडिलांची, अण्णांची तब्येत बरी नव्हती. कधी नव्हे ते त्यांनी स्वतःहून म्हटलं होतं, "जमलं तर येऊन जा." शैलेंद्रने थाप मारली, "ऑडिट आहे अण्णा, बॉसने रजा नाकारलीय." रजा केव्हाच मंजूर झाली होती. कराडला काय, पुढच्या वर्षीही जाता येईल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. अण्णांनी जराही कुरकुर केली नाही. थाप बेमालूम पचली म्हणून तो स्वतःवरच खूश झाला. होक्काइडोहून त्याने घरी एक फोनसुद्धा केला नाही. ऑडिटमध्ये बुडालेल्या माणसाला फुरसत कुठली!

तेवढ्यात धाकट्या भावाचा, मधूचा व्हिडिओ कॉल आला. शैलेंद्रने बॅगा सरकवायला खुणावलं, चेहरा दमल्यासारखा केला आणि फोन घेतला.

मधूचं डोकं तुळतुळीत होतं.

शैलेंद्रने एवढंच विचारलं, "कधी?"

"गेल्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे. काल दहावा झाला."

मंगळवारी. खेकडा मंगळवारीच खाल्ला होता. बाप गेलेला, सुतक लागलेलं, आणि थोरला मुलगा तिकडे कवच फोडून बोटं चाटत होता. शैलेंद्रला स्वतःची किळस आली. आणि मग, कुणावर तरी काढायचाच म्हणून, राग आला.

"मला कळवलं का नाहीस? थोरला आहे ना मी? एक फोन करायचा होतास! तीन तासांची तर फ्लाइट आहे. ऑडिट गेलं खड्ड्यात, असेन तसा आलो असतो!"

मधूने डोळे पुसले.

"अण्णांनीच शपथ घातली होती, दादा. म्हणाले, त्याला कळवू नका. रजा नसली तरी नोकरीवर लाथ मारून धावत येईल तो."